बाईंना विचारा : तेल कुणी ओतलं?

प्रश्न : बाई, नमस्कार. मी मुरूडचा. आमच्या बोटीवर एक ख्रिस्ती खलाशी आहे. त्याला विचारलं, 'ख्रिस्त' हे येशूचं आडनाव का? तो हसत म्हणाला, आडनाव नाही रे, ख्रिस्त म्हणजे मशीहा. मला 'गरिबांचा मसीहा' एवढंच माहीत, तेही निवडणुकीच्या फलकावरचं. मशीहा म्हणजे अवतारच ना? आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे करायचं काय? नवस बोलतो तसंच का?

उत्तर : तुमचा खलाशी बरोबर आहे. येशूला आडनाव लावायचंच तर त्याचं गाव नासरेथ, म्हणून आपल्या रीतीनं 'नासरेथकर' लावा. मशीहा हा इब्री, म्हणजे यहुद्यांच्या (ज्यूंच्या) जुन्या भाषेतला शब्द, त्याचा अर्थ 'तेल लावलेला'. त्याचंच ग्रीकमध्ये 'ख्रिस्तोस' झालं आणि आपल्याकडे ख्रिस्त. मराठी बायबलात 'अभिषिक्त' असा शब्द येतो, पण तो वाचून आपला घोळ होतो. अभिषेक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पिंडीवरचं दूध-पाणी येतं, नाहीतर १६७४चा रायगड. यहुद्यांचा अभिषेक तेलाचा. बोळ, दालचिनी, तज, जैतुनाचं तेल, अशी त्याची कृतीच बायबलातल्या निर्गमाच्या पुस्तकात मापांसकट दिलेली आहे. (दालचिनी वाचली की मला दर वेळी मसाल्याचा डबा आठवतो, त्याला इलाज नाही.) याजकाला, म्हणजे पुरोहिताला, ते तेल लावायचे, राजाच्या डोक्यावर ओतायचे. पुढे राजा झालेला दावीद हा घरातला सगळ्यांत धाकटा, मेंढरं राखणारा पोरगा. शमुवेल संदेष्ट्यानं, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यानं, शिंगातलं तेल त्याच्या डोक्यावर ओतलं, ते त्याच्या भावांच्या देखत. आपल्याकडे तेल-हळद लागली की नवऱ्या मुलाला एकट्याला वेशीबाहेर सोडत नाहीत ना? कालपर्यंत तो सायकलवरून गावभर हुंदडत होता, आज तो वेगळा झाला. तसंच काहीसं.

गंमत म्हणजे यशया संदेष्ट्यानं कोरेश नावाच्या इराणच्या राजालाही देवाचा अभिषिक्त म्हटलंय. तो यहुदी नव्हता, त्या देवाला ओळखतही नव्हता. म्हणजे सुरुवातीला हा शब्द एकाच माणसाचा नव्हता. यहुद्यांचं राज्य गेलं, लोक देशोधडीला लागले, तेव्हा सगळी आशा एका माणसावर गोळा झाली. दावीदाच्या वंशात एक जण येईल आणि सगळं सावरील.

हे सारं मला पुस्तकातून कळायच्या आधी शेजारातून कळलं. माझं लहानपण अलिबागचं, इस्राएल आळीपासून हाकेच्या अंतरावरचं. आपल्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे यहुदी, घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. शेजारच्या आजी मलिदा करायच्या. पोहे, खोबरं, गूळ, वर फळं. तो एलिया संदेष्ट्याच्या नावानं. मी विचारलं, एलियाच का? त्या म्हणाल्या, "तो आधी येणार, मग मशीहा." मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "आजी, मशीहा येऊन गेला, आमच्या चर्चमध्ये सांगतात." त्यांनी माझ्या हातावर आणखी एक मूठ मलिदा ठेवला. "मग तू जेव, आम्ही वाट बघतो." आमच्यातला सगळा फरक त्या एका वाक्यात होता आणि भांडण कुठेच नव्हतं.

आता येशूचं. त्याच्या काळात देशावर रोमचं राज्य होतं. लोकांना हवा होता तलवार घेणारा मशीहा. पेत्र म्हणाला, "तू ख्रिस्त आहेस." येशूनं ते नाकारलं नाही, पण लगेच सांगायला लागला की मला दुःख सोसावं लागेल, मला मारतील. पेत्रानं त्याला बाजूला घेऊन दटावलं! मशीहाला गप्प करायला निघालेला पहिला माणूस त्याचा सगळ्यांत जवळचा शिष्य होता.

मग त्याच्या डोक्यावर तेल ओतलं कुणी? यरुशलेमेच्या याजकानं नाही. शुभवर्तमान, म्हणजे बायबलातली येशूची कथा, म्हणतं, त्याचा अभिषेक देवाच्या आत्म्यानं झाला. पण खरोखरचं तेल मार्कनं लिहिलेल्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे, तिथून मी काही पुढे सरकत नाही. बेथानी गाव, कुष्ठरोगी शिमोनाचं घर, पंगत बसलेली. एक बाई येते, दगडी कुपी फोडते आणि जटामांसीचं सुगंधी तेल त्याच्या डोक्यावर ओतते. पुरुषमंडळी कुरकुरतात, तीनशे दिनारांहून जास्त किमतीचं तेल वाया घालवलं! एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. येशू म्हणतो, तिला त्रास देऊ नका, हिनं माझ्या उत्तरकार्यासाठी मला आधीच तेल लावलंय. मार्क त्या बाईचं नावसुद्धा देत नाही. राजाला लावायचं तेल आणि मढ्याला लावायचं तेल, दोन्ही एकाच कुपीतलं. ख्रिस्ती माणूस 'मशीहा' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हा राजा असतो.

म्हणून 'अवतार' म्हटलं तर अर्धं कळतं. देव माणूस झाला, हे आम्हीही मानतो. पण एकदाच, आणि तो दुष्टांचा संहार न करता त्यांच्या हातून मेला. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, यावर आमचं सगळं उभं आहे. तो उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट, असं ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानंच बायबलात लिहून ठेवलंय.

राहिला नवस. नवसात आधी मागायचं, मिळालं की फेडायचं. इथे मागायच्या आधीच दुसऱ्यानं फेडून टाकलंय, असं आम्ही मानतो. मग हात जोडून स्वस्थ बसायचं का? तर नाही. जक्कय नावाचा जकातदार होता. येशू आपणहून त्याच्या घरी उतरला. काही मागितलं नाही, अट घातली नाही. तरी जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करतो. ती काही येशूच्या भेटीची किंमत नव्हती. पाहुणा घरात आला म्हणून त्याची मूठ सुटली.

प्रश्न : बाई, मी ख्रिस्ती आहे, दापोलीकडची. माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे. एका प्रार्थनासभेत सांगितलं की विश्वास पुरा असता तर ते एव्हाना बरे झाले असते, आणि गोळ्या घेणं म्हणजे शंका घेणं. रात्री झोप लागत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही. आणि गोळ्या बंद करू नका, डायलिसिसचा एकही दिवस चुकवू नका. हे आधी, बाकी मग.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमचे हे लकव्यानं अंथरुणाला होते. चर्चच्या मंडळीचे तीस वर्षं पाळक, म्हणजे धर्मगुरू, पण तेव्हा जिभेवर शब्द येत नव्हता. दुपारी कौलं उडाली. मी त्यांना खाटेसकट मधल्या खांबाशी ओढलं, वर ताडपत्री धरली आणि वाडीतल्या पोफळी कडाकडा मोडताना ऐकत राहिले. नंतर एक गृहस्थ भेटायला आले आणि अंगणात उभे राहून म्हणाले, पाळकांच्या घरावर असं येतं म्हणजे कुठेतरी विश्वासात खोट असणार. मी त्यांना चहा दिला. आज देणार नाही.

त्या काळात हे दिवसाकाठी एकच शब्द बोलायचे, 'आमेन'. कधी प्रार्थनेच्या शेवटी, कधी पेज नको असली तरी. इब्रीत 'आमेन' आणि 'विश्वास' एकाच धातूचे शब्द आहेत. त्या धातूचा अर्थ पक्कं असणं, भार पेलणं. मी खांबाला किती घट्ट धरलं होतं, हा प्रश्नच नव्हता, भार खांबावर होता. माझे हात तर थरथरत होते.

मार्कमध्येच एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा! येशू त्याला परत पाठवत नाही, की आधी पुरा विश्वास घेऊन ये. आणि गेथशेमाने बागेत हा दुःखाचा प्याला टळू दे, अशी प्रार्थना खुद्द येशूनं केली. तो टळला नाही. त्याचाही विश्वास कमी पडला, असं तुमच्या सभेतले लोक म्हणणार का?

आमचे हे बरे झाले नाहीत. तुमचे मिस्टर व्हावेत, अशी प्रार्थना मी आज सकाळी केली, उद्याही करीन. रात्री झोप लागली नाही तर स्तोत्रसंहितेतलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, तरीही बायबलात आहे. आणि त्या सभेचं पुन्हा बोलावणं आलं तर सांगा, त्या दिवशी डायलिसिस आहे.