सुट्टीच्या घरात पाहुण्यांचा सर्व्हिस डॉग: घरमालकाने काय विचारावे, काय विचारू नये

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. फ्लोरिडात किसिमी येथे आमचे एक घर आहे आणि ते आम्ही सुट्टीवर येणाऱ्यांना काही दिवसांसाठी भाड्याने देतो. पाळीव प्राणी आणू नयेत, असा आमचा नियम आहे. सहा रात्रींचे आरक्षण केलेल्या एका बाईंनी नंतर कळवले की, त्यांच्याबरोबर दोन कुत्रे असतील. एक सर्व्हिस डॉग आणि दुसरा भावनिक आधारासाठी. मी प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचे पत्र मागितले व दीडशे डॉलर जादा द्यावे लागतील असे कळवले. त्यांनी एका संकेतस्थळावरून घेतलेले ओळखपत्र पाठवले आहे. त्यांच्या पाठोपाठ माझ्या सासूबाई तेथे राहायला जाणार आहेत आणि त्यांना दमा आहे. मला हे आरक्षण रद्द करता येईल का?

उत्तर: आपण आरक्षण अद्याप रद्द केलेले नाही, ही या प्रकरणातील सर्वांत चांगली बाजू आहे. ते रद्द करू नये, आणि प्रमाणपत्र, डॉक्टरांचे पत्र व सर्व्हिस डॉगसाठीचे जादा शुल्क या मागण्या आजच लेखी मागे घ्याव्यात, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

‘अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज अ‍ॅक्ट’ या १९९० च्या केंद्रीय कायद्याखालील नियमांनुसार, दिव्यांग व्यक्तीसाठी एखादे ठरावीक काम करायला शिकवलेला कुत्रा म्हणजे सर्व्हिस डॉग, आणि त्याला पाळीव प्राण्यांचा नियम लावता येत नाही. आपल्यासारख्या एकट्यादुकट्या घराला हा कायदा लागू होतो का, यावर वाद घालता येतो, हे मान्य केले पाहिजे. कारण नियमांतील निवासस्थानाची व्याख्या हॉटेलसारख्या सोयी, व्यवस्थापन आणि आरक्षणाची पद्धत यांवर बेतलेली आहे. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि भाड्याच्या खोल्या पाचांहून अधिक नसतील, तर कायद्यातच सूट आहे; परंतु आपण न्यू जर्सीत राहता, त्यामुळे ती आपल्याला मिळणार नाही. शिवाय वर्षातून तीनपेक्षा अधिक वेळा, तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराला फ्लोरिडात सार्वजनिक निवासाचा परवाना लागतो, आणि राज्याच्या कायद्यातील कलम ४१३.०८ निवासाच्या जागांचा स्पष्ट उल्लेख करते. तेव्हा ‘हे माझे खासगी घर आहे’ या बचावावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते. या कलमाखाली सर्व्हिस डॉगसह आलेल्या व्यक्तीला प्रवेश नाकारणे हा फौजदारी गुन्हा असून त्यासाठी साठ दिवसांपर्यंत कैद किंवा पाचशे डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तीस तासांची समाजसेवाही करावी लागते.

आता कागदपत्रांविषयी. सर्व्हिस डॉगची कोणतीही सरकारी नोंदणी अमेरिकेत बंधनकारक नाही, आणि प्रशिक्षण एखाद्या संस्थेकडूनच घेतले पाहिजे असेही नाही. मालकाने स्वतः शिकवलेला कुत्राही चालतो. संकेतस्थळांवर पैसे भरून मिळणाऱ्या ओळखपत्रांना कायद्यात काहीही किंमत नाही. आपण असा कागद मागितलात की, खरोखरीच्या गरजूकडे तो नसतो आणि खोटे बोलणारा तो विकत घेऊन ठेवतो. म्हणून ही मागणी बेकायदेशीर तर आहेच, पण निरुपयोगीही आहे. गरज उघड दिसत नसेल, तेव्हा आपल्याला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे आवश्यक आहे का, आणि त्याला कोणते काम करायला शिकवले आहे? आजार कोणता, हे विचारू नये आणि काम करून दाखवायलाही सांगू नये. रक्तातील साखर उतरू लागली की तो सावध करतो, किंवा झटका आल्यावर मदत मिळवून देतो, असे उत्तर पुरेसे आहे. खोटा दावा करणाऱ्या पाहुण्यालाही याच कलमाखाली तशीच शिक्षा आहे, आणि ती असलीच पाहिजे, कारण अशा प्रत्येक खोट्या दाव्यामुळे दृष्टिहीन किंवा अपस्माराच्या रुग्णाकडे पुढचा घरमालक अधिक संशयाने पाहतो.

दुसऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. केवळ जवळ असण्याने धीर देणारा प्राणी या कायद्याखाली सर्व्हिस अ‍ॅनिमल ठरत नाही. २०२१ पासून विमान कंपन्यांवरही अशा प्राण्यांना सर्व्हिस अ‍ॅनिमल मानण्याचे बंधन राहिलेले नाही. तरीही केवळ ‘भावनिक आधार’ हे शब्द वाचून लगेच नकार कळवू नका. घबराटीचा झटका येण्याची चाहूल ओळखून ठरावीक कृती करायला त्याला शिकवले असेल, तर तोही सर्व्हिस डॉगच आहे, आणि एका व्यक्तीला असे दोन कुत्रे बाळगता येतात. म्हणून त्याच्याबद्दलही तेच दोन प्रश्न विचारा. ‘तो जवळ असला की बरे वाटते’ एवढेच उत्तर आले, तर सहा रात्रींच्या मुक्कामासाठी त्याला आपला नेहमीचा नियम लावता येईल. मात्र आरक्षणाच्या मंचाचे, म्हणजे ज्या संकेतस्थळावरून हे आरक्षण झाले त्याचे, या बाबतीतले धोरण आधी वाचावे, कारण तो करारही आपल्यावर बंधनकारक आहे.

सासूबाईंच्या दम्याची चिंता मी हलकी मानत नाही. परंतु अ‍ॅलर्जी किंवा कुत्र्याची भीती हे सर्व्हिस डॉग नाकारण्याचे वैध कारण नाही, असे केंद्रीय न्याय विभागाचे स्पष्ट मार्गदर्शन आहे. आणि येथे दोघी एकाच वेळी घरात नसणार. मध्ये एकदोन दिवस मोकळे ठेवून गालिचे, गाद्या आणि वातानुकूलन यंत्राची गाळणी नीट साफ करून घ्यावी. हा खर्च त्या बाईंच्या माथी मारता येणार नाही. सर्व पाहुण्यांकडून घेतले जाणारे सफाईचे शुल्क घ्या, आणि कुत्र्याने खरोखर नासधूस केली, तर इतर पाहुण्यांकडून जशी भरपाई घेता तशी घ्या. कुत्रा आवरत नसेल आणि मालकीणही त्याला आवरत नसेल, किंवा त्याला घराबाहेर शौचाची सवय नसेल, तर त्याला बाहेर नेण्यास सांगता येते. तेव्हाही त्या बाईंना कुत्र्याशिवाय राहण्याची मुभा द्यावी लागते.

हेच घर हिवाळ्यात कोणाला तीन-चार महिन्यांसाठी दिलेत, तर हे उत्तर बदलेल. अशा दीर्घ वास्तव्यात ते घर राहती जागा मानले जाऊन १९६८ चा ‘फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट’ लागू होण्याची शक्यता बरीच वाढते, आणि त्या कायद्याखाली भावनिक आधाराच्या प्राण्यालाही संरक्षण मिळू शकते. तसा करार करण्यापूर्वी त्याचा मसुदा फ्लोरिडातील वकिलाला दाखवावा. आताच्या प्रकरणात सर्व पत्रव्यवहार आरक्षणाच्या मंचावरच ठेवा, आणि त्या बाईंच्या वकिलाचे पत्र आल्यास त्याला स्वतः उत्तर देऊ नका.