एचडी ६०० हेडफोन आहे. आता एचडी ८०० एस घ्यावा की फोकल क्लिअर?

सात वर्षांत कानावरचे पॅड किती वेळा बदललेत?

तुम्ही सगळं नीट लिहिलंय. सेन्हायझर एचडी ६०० सात वर्षं वापरताय, साधं डेस्कटॉप अँप (हेडफोनचा अँप्लिफायर) आहे, ऐकणं बहुतेक ख्याल, दीड लाख बाजूला काढलेत. एचडी ८०० एस घ्यावा की फोकल क्लिअर, आणि फरक खरंच ऐकू येईल का? पॅडबद्दल मात्र एक अक्षर नाही. तेवढ्यासाठीच लिहायला बसलो, कारण तीन वर्षांपूर्वी मीही नेमका इथेच उभा होतो आणि मलाही कुणी हे विचारलं नव्हतं.

आम्ही सांगलीला राहतो. भाऊबीजेला दरवर्षी पुण्याला मेहुण्याकडे जातो. त्या वर्षी ओवाळणी झाली, जेवणं झाली आणि मेहुण्याने कपाटातून ८०० एस काढला. त्याला माहीत होतं की मी माझा ६०० प्रवासातही बरोबर ठेवतो. म्हणाला, "दाजी, तुमचीच रेकॉर्डिंग लावा, म्हणजे तक्रार नको."

माझी रेकॉर्डिंग म्हणजे गुरुजींच्या घरची. मी बारा वर्षं गाणं शिकतोय. एका गुरुपौर्णिमेला गुरुजी गायले, मागे डावी-उजवीकडे दोन तंबोरे, आणि समोर स्टँडवर माझा छोटा स्टिरिओ रेकॉर्डर. त्यातला उजवा तंबोरा माझा. तो आवाज मला जितका पाठ आहे तितकं दुसरं काहीच नाही.

आधी माझा ६०० लावला, मग त्याचा ८०० एस. आणि खरं सांगतो, पोटात खड्डा पडला. ८०० एसमध्ये दोन तंबोरे दोन ठिकाणी बसलेले होते, मधल्या मोकळ्या जागेत गुरुजी. बोट तारेवरून सुटतानाचा बारीकसा स्पर्शसुद्धा कळत होता. माझ्या ६०० मध्ये तेच सगळं एका कोंदट खोलीत कोंबल्यासारखं. खर्जातून, म्हणजे तंबोऱ्याच्या सर्वांत खालच्या सा मधून, जो गांधार आपोआप निघायला हवा तो गढूळ. मेहुणा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमचा तो डबा आता माळ्यावर टाका." बायको हसली, मुलं हसली. मी गप्प बसलो. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत मनात हप्त्यांची गणितं चालली होती.

मग मी काय केलं? पुढच्या शनिवारी पुण्यातल्या एका दुकानात ऐकायला गेलो. तिथे जे झालं तेही सांगतो, कारण तुम्हीही असंच कुठेतरी जाणार. विक्रेत्याने आधी ६०० लावून दिला, मग अँपचा नॉब होता तिथेच ठेवून फोकल क्लिअर. क्लिअर एकदम जिवंत, भरघोस, तबल्याची थाप छातीवर. मी भारावलो. घरी आल्यावर आकडे काढून बसलो. ६०० चा इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) ३०० ओहम, क्लिअरचा ५५, आणि क्लिअरची सेन्सिटिव्हिटीही, म्हणजे तेवढ्याच विजेवर मोठं वाजणंही, जास्त. एकाच नॉबवर क्लिअर दहा डेसिबलपेक्षाही जास्त मोठा वाजतो. कानाला मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा कळत नाही, फक्त 'जास्त स्वच्छ' वाटतो. मी त्या दिवशी हेडफोनची तुलना केलीच नव्हती, व्हॉल्यूमची केली होती. विक्रेत्याने हे मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण नॉबला हात न लावता दोन हेडफोन ऐकवणाऱ्याचं मत मी आता धरत नाही.

तरीही मेहुण्याकडचं ऐकणं मनातून जाईना. तिथे तर दोन्ही ३०० ओहमचे होते आणि आवाजही जवळपास सारखाच लागला होता.

त्याच महिन्यात माझा तंबोरा मिरजेला न्यायची वेळ आली. जवारी, म्हणजे घोडीवर तारेला गुंजन देणारा घासलेला पृष्ठभाग, बसली होती. मिरज आम्हाला दहा किलोमीटर. तिथल्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आता सगळ्यांना ते नाव माहीत झालंय. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तिथेच जातो. कारागीर वयस्क. त्यांनी तंबोरा आडवा मांडीवर घेतला, तारा सैल करून बाजूला सारल्या आणि घोडीवरून अंगठा फिरवला. मलाही फिरवायला सांगितला. चारही तारांखाली चार खाचा पडल्या होत्या. डोळ्यांना जेमतेम दिसाव्यात, अंगठ्याला मात्र स्पष्ट लागत होत्या. मग कानस, मग पॉलिश पेपर, मग तारा परत चढवून, तारांखालचा बारीक दोरा सरकवून ऐकणं, पुन्हा तारा उतरवणं. तास-दीड तास हेच. शेवटी खर्जाच्या तारेखालचा दोरा केसभर पुढे घेतला आणि गांधार असा उमलला की मी मान वर करून बघितलं.

भोपळा तोच, दांडी तीच, तारासुद्धा त्याच. घोडीचा झिजलेला पृष्ठभाग तेवढा सारखा केला.

घरी आलो, ६०० हातात घेतला, आणि पहिल्यांदाच पॅडवर अंगठा दाबला. मखमल टाळूसारखी गुळगुळीत, खाली स्पंज उरलाच नव्हता. कानावर घातल्यावर कानाची पाळी आतल्या जाळीला टेकत होती. इतकी वर्षं टेकत होती आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पॅड ओढून काढला तर आतल्या पातळ काळ्या फोमचा भुगा टेबलावर पडला. नवे अस्सल पॅड मागवले, पाच हजारांच्या आत पडले. जुना आणि नवा शेजारी ठेवले तर जुना निम्म्या जाडीचाही नव्हता. म्हणजे कान ड्रायव्हरपासून (आतल्या छोट्या स्पीकरपासून) जेवढा लांब असायला हवा तेवढा नव्हताच. ६०० मध्ये ही जागा मुळातच कमी असते, त्यातली निम्मी गेली तर आवाज बदलणारच.

नव्या पॅडनी ती गुरुपौर्णिमा ऐकली आणि गांधार जागेवर होता.

आता हे पुढचं तुमच्या कामाचं आहे. मी हार्मोनियमच्या पांढरी एकच्या पुढे, काळी एकला गातो, म्हणजे तो माझा सा. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झ, आणि त्यातून निघणारा स्वयंभू गांधार म्हणजे खर्जाचा पाचवा उपस्वर, साधारण ३४६ हर्ट्झ. गायकाचा आवाज, सारंगी, हार्मोनियम, तंबोऱ्याचा गाभा, सगळं या मधल्या पट्ट्यात राहतं. आणि १९९७ मध्ये आलेला ६०० आजही विकला जातो तो याच पट्ट्यासाठी. माणसाचा गळा तो जितका सरळ, काही न घालता-काढता देतो, तितका देणारे त्याच्या चौपट किमतीतही मी फार ऐकले नाहीत. लोक त्याला 'सुरुवातीचा' म्हणतात तेव्हा मला राग येतो. हा राग मेहुण्यावरचा आहे हे मान्य, पण मुद्दा खरा आहे.

पुढच्या मे महिन्यात मेहुणा मुलांना घेऊन सांगलीला आला. मी सांगून ठेवलं होतं, ८०० एस घेऊन ये. या वेळी नॉब मी माझ्या ताब्यात ठेवला. पुठ्ठ्याच्या मधोमध भोक पाडून त्यात मोबाइलचा माइक बसवला, पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा खळखळ आवाज) लावला, दोन्ही हेडफोन आळीपाळीने पुठ्ठ्यावर दाबून पातळी जुळवली आणि दोन्हींसाठी नॉबवर पेन्सिलीने खुणा केल्या. प्रयोगशाळेतली मोजणी नव्हे, डेसिबलभर इकडेतिकडे होईल. पण दुकानापेक्षा शंभरपट बरी.

त्या दुपारी जे ऐकलं ते मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं. ८०० एसची जागा खरी आहे. त्याचा ५६ मिलिमीटरचा रिंग ड्रायव्हर कानापासून लांब, तिरका बसवलेला असतो. दोन तंबोरे दोन बाजूंना बसलेले ६०० मध्ये तसे कधीच दिसत नाहीत, नव्या पॅडनीही नाही. बोटांचा स्पर्शही ८०० एसमध्ये जास्त. गांधार मात्र दोन्हींत सारखाच उमललेला. आणि गुरुजींचा आवाज, मंद्रातला, छातीतून येणारा, ६०० मध्ये जास्त भरीव. ८०० एसमध्ये तो थोडा पातळ झाला आणि हार्मोनियमच्या वरच्या पट्ट्या टोचल्या. मूळ ८०० ला, म्हणजे ८०० एसच्या आधीच्या मॉडेलला, सहा किलोहर्ट्झच्या आसपास आवाज एकदम वर चढवणारं एक टोक होतं. ८०० एसमध्ये ते शोषून घेण्यासाठी खास रचना केली आहे, ते बरंच कमी झालंय, तरी मिटलेलं नाही.

मग मी पन्नाशीच्या दशकातली आकाशवाणीची एक जुनी मैफल लावली. मोनो. मोनोत डावं-उजवं नसतंच, तेव्हा ८०० एसचा सर्वांत मोठा गुण तिथे बसून राहतो, आणि टेपची खरखर मात्र पुढे येते. मेहुण्यानेच मिनिटभरात हेडफोन काढला. तुम्ही ख्याल ऐकता म्हणालात. तुमच्या संग्रहातलं किती मोनो आहे ते एकदा मोजा. माझं निम्म्याहून जास्त निघालं.

एवढं होऊनही मेहुणा काय म्हणाला? "दाजी, पैसे वाचवायचेत म्हणून तुम्हाला ६०० आवडतो." हे मला लागलं, आजही लागतं. या छंदात असंच धरून चालतात की जो वर गेला नाही त्याला एकतर परवडत नाही किंवा ऐकू येत नाही. एखाद्याने दोन्ही शांतपणे ऐकून खालच्या किमतीचा ठेवला, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. माझं वय सत्तेचाळीस, तेरा किलोहर्ट्झच्या वर मला ऐकू येत नाही, हे मी तपासून पाहिलंय. मेहुणा अडतीस वर्षांचा, त्याला त्याहून जास्त ऐकू येतं. पण तंबोरा कुणाचा उतरलाय हे त्या दुपारी मला आधी कळलं. शिकलेला कान वेगळा असतो, आणि तो विकत मिळत नाही.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. फोकल क्लिअर मी दुकानातल्या त्या चुकीच्या ऐकण्यानंतर आणखी एकदाच, एका मित्राकडे, पातळी जुळवून ऐकला. तबला त्याच्यावर ऐकावा. डग्ग्याची मींड आणि थाप यांत ६०० त्याच्या जवळही जात नाही. जागा ८०० एसएवढी नाही. वजन साडेचारशे ग्रॅम, ६०० च्या २६० समोर ते विलंबित संपेपर्यंत मानेला कळतं. तुम्ही स्वतः तबला वाजवत असाल तर क्लिअरचा विचार करा. गाणारे असाल तर मी तुम्हाला दोन्हींपैकी एकही घ्या म्हणणार नाही.

आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. तुमच्या 'बहुतेक ख्याल' मधलं उरलेलं पाश्चात्त्य सिम्फनी असेल, तर माझं वरचं बरंचसं लागू नाही. ऐंशी-नव्वद वाद्यांचा मेळा ८०० एसवर ऐकल्यावर ६०० वर परत येणं जड जातं. सहा किलोहर्ट्झला इक्वलायझरने तीन-चार डेसिबल खाली घेतलं की ८०० एसची टोचणी बरीच जाते, मेहुणा आता तसंच ऐकतो. ६०० डोक्याला फार आवळत असेल तर पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या उघड्या धातूला हलकेच बाहेर वाकवा, एका झटक्यात नको. एक बाजू मध्येच बंद पडत असेल तर ड्रायव्हरला दोष देण्याआधी कपात जाणारी दोन पिनांची वायर काढून पुन्हा घाला. ती सैल होते. तुमचं अँप ट्यूबचं असेल तर बेस थोडा फुगलेला ऐकू येईल, तो हेडफोनचा दोष नाही.

डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा डबा) बदलू का, हे तुम्ही विचारलं नाहीत. बरं केलंत.

अस्सल पॅड मागवा, आतले फोमही बदला, दोन आठवडे फक्त त्यांच्यावर ऐका. दीड लाख बँकेत राहू द्या, ते कुठे पळत नाहीत. त्यानंतरही दोन तंबोरे दोन जागी हवेसे वाटले, तर ८०० एस घ्या, आणि मनात काही न ठेवता घ्या. फक्त ऐकायला जाताना तुमची स्वतःची, पाठ असलेली रेकॉर्डिंग न्या, आणि नॉब दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

यंदाच्या भाऊबीजेला मीही ६०० घेऊन जाणार आहे, पेन्सिल आणि पुठ्ठ्यासकट.