लोकरीच्या शंखाचे वळसे बसत का नाहीत?

फोटो पाहिला. लोकरीच्या भरीव गोळ्यावर सुईने खाच पाडत तुम्ही वळसे काढलेत. शंख न दिसता दोरी गुंडाळलेला भोवरा का दिसतो आणि दाबला की खाचा का बुजतात, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं कारण एकच. शंख म्हणजे टोकाकडे निमुळती होत गेलेली, स्वतःभोवती वळलेली पोकळ नळी. तेव्हा आधी नळी करायची, मग ती वळायची. माझेही पहिले सहा-सात शंख टोचून केलेले. बोटांतून रक्त निघालं, शंख काही निघाला नाही.

यासाठी ओलं फेल्टिंगच घ्या, म्हणजे साबणपाण्यात चोळून लोकरीचे तंतू एकमेकांत घट्ट गुंतवायचे. लोकरीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आत साचा लागतो. त्यासाठी बबल रॅपचा ६० सेंमी लांब आणि तळाशी ८ सेंमी रुंद असा सरळ कडांचा त्रिकोण कापा. कडा वक्र करायच्या नाहीत. वळसा जसजसा मोठा होतो तसतशी त्याला लागणारी लांबीही त्याच पटीत वाढते, म्हणून सरळ त्रिकोण गुंडाळला की वळसे आपोआप प्रमाणात येतात. या मापात प्रत्येक वळसा आधीच्याच्या साधारण दुप्पट होतो. नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखासारखा, वळशागणिक तिपटीने फुगणारा आकार हवा असेल तर तळ १५ सेंमी ठेवा.

त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना मिळून २५ ग्रॅम लोकर पुरते. पेळूतून (पिंजून लांब केलेल्या लोकरीतून) पातळ पापुद्रे ओढून एक थर आडवा, एक उभा असं लावत जा. शंखाच्या तोंडातून गुलाबी डोकवायला हवा असेल तर तो रंग सगळ्यात आधी, बबल रॅपला लागून घाला. मेरिनो मेंढीची लोकर मऊ असते, पण मी उभ्या आकाराला कॉरिडेल मेंढीच्या लोकरीसारखी जाडसर लोकर वापरते. ‘सुपरवॉश’ लिहिलेली मात्र घेऊ नका. तिच्या तंतूंवरचे खवले निष्प्रभ केलेले असतात, ती घट्ट होतच नाही.

कोमट साबणपाणी घालून हलक्या हाताने चोळा. मग चिमटीत एक तंतू धरून उचला. तो एकटा सुटून आला तर अजून चोळायचंय. सगळा पापुद्रा सोबत उचलला गेला तर थांबा. हीच वेळ महत्त्वाची. आता रुंद बाजू कापून बबल रॅप काढा आणि निमुळत्या टोकापासून वळायला लागा. अर्धवट फेल्ट झालेले वळसे एकमेकांना धरतात, पूर्ण झालेले धरत नाहीत. जिथे निसटतील तिथे फेल्टिंगच्या ३८ नंबरच्या सुईने चार टोचे मारा, पण सुई सरळ आत-बाहेर. तिरकी झाली की मोडते. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर बहुतेक शंखांचं तोंड उजवीकडे येतं, ते वळतानाच बघा.

कंगोरे हवे असतील तर याच टप्प्यावर चुण्या घालून गुळगुळीत नायलॉनच्या दोऱ्याने धावदोरा घाला. वाळल्यावर दोरा ओढून काढता येतो.

यानंतर गरम पाणी आणि जोर. लांबी ४० टक्क्यांनी आटेपर्यंत, म्हणजे ६० ची ३६ सेंमी नळी होईपर्यंत, चोळत, आपटत राहा. वळलेल्या नळीची लांबी बाहेरच्या कडेने दोरा फिरवून मोजा. बहुतेक जण इथेच कंटाळून सोडतात आणि शंख लिबलिबीत राहतो. साबण पूर्ण काढून तोंडात कागदाचे बोळे भरा आणि वाळू द्या. मुठीएवढा शंख होईल, दाबलात तर परत फुलेल.