क्लेअरच्या खासदारांची यादी जुळत नसेल तर

आयरिश कॅथलिक नेता डॅनियल ओ'कॉनेल 1828 मध्ये आयर्लंडमधल्या क्लेअर काउंटीतून (म्हणजे जिल्ह्यातून) ब्रिटिश संसदेवर निवडून आला हे सगळीकडे वाचलं, पण तुमच्या यादीत 1826 आणि 1830 या दोन्ही ओळींत तो नाही, म्हणून तारखांवरच तुमचा संशय आहे. तारखा बरोबर आहेत. यादी तुम्ही फक्त सार्वत्रिक निवडणुकांवरून केलीत, 1828 ची मात्र पोटनिवडणूक होती, आणि हीच चूक मलाही सगळ्यांत महाग पडली. एका ग्रंथालयाने हाती दिलेली यादीही अशीच अर्धवट होती, विचारल्यावर 'छापलंय तेवढंच' एवढंच उत्तर.

पोटनिवडणूक म्हणजे कोणीतरी वारलं किंवा राजीनामा दिला, हे आपलं गृहीतक तिथे चालत नाही. त्या काळी खासदाराला मंत्रिपद मिळालं की पुन्हा मतदारांसमोर जावं लागे. क्लेअरचा खासदार व्हेसी फिट्झजेराल्ड व्यापार मंडळाचा (सरकारच्या व्यापार खात्याचा) अध्यक्ष झाला, म्हणून 1828 ची लढत झाली: ओ'कॉनेल 2057, फिट्झजेराल्ड 982. कॅथलिकांना बाहेर ठेवणारी जुनी शपथ ओ'कॉनेलने नाकारली. एप्रिल 1829 च्या कायद्याने ती अट काढली, पण कायद्यानंतर निवडून येणाऱ्यांसाठीच. म्हणून जुलै 1829 मध्ये तो पुन्हा उभा राहिला, बिनविरोध आला. या दोन स्वतंत्र ओळी आहेत, एक खोडू नका. त्याच सुमारास 40 शिलिंगवाल्या कुळांचं (वर्षाला निदान 40 शिलिंग मोलाची जमीन असणाऱ्यांचं) मत काढून पात्रता 10 पौंडांवर नेली, तेव्हा पुढची मतसंख्या 1828 शी ताडून निष्कर्ष काढणं मला तरी चुकीचं वाटतं.

क्लेअरमधल्याच एनिस शहराची जागा 1885 पर्यंत वेगळी होती, ती काउंटीत मिसळू नका. फिट्झजेराल्ड आधी एनिसचाही खासदार होता. ओ'गॉर्मन मेहन हा खासदार काउंटीच्या यादीत 1830 मध्ये आणि पुन्हा 1879 मध्ये दिसेल. तो एकच माणूस आहे, बाप-लेक नव्हेत.

1885 मध्ये काउंटीच्या दोन जागांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन एकसदस्यीय मतदारसंघ झाले. तिथून कोष्टकही दोन करा. पूर्व क्लेअरचा खासदार विली रेडमंड जून 1917 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मेसिनच्या लढाईत मारला गेला, आणि जुलैच्या पोटनिवडणुकीत आयरिश स्वातंत्र्यवादी नेता डी व्हॅलेरा 5010 विरुद्ध 2035 मतांनी आला. 1918 मध्ये तो पूर्व मेयोतूनही जिंकला, त्यामुळे दोन ठिकाणी नाव दिसणं ही छपाईची चूक नाही. तो निवडून आला तरी लंडनच्या संसदेत गेला नाही, म्हणून 'वेस्टमिन्स्टरमध्ये बसला नाही' असा रकाना मात्र हवाच. आणि पूर्व क्लेअरची 1918 ची मतसंख्या शोधत बसू नका, निवडणूक बिनविरोध झाली होती.