विशेष पथके आणि संपर्क अधिकारी

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये संपूर्ण देशासाठी एकच पोलीस दल आहे. तेथे विशेष कामांसाठी नेमलेले अधिकारी नेहमीच्या कामातून कायमचे मुक्त होतात का?

उत्तर : सरसकट नाही. १९६४ साली स्थापन झालेल्या ‘आर्म्ड ऑफेंडर्स स्क्वाड’मधील बहुतेक सदस्य एरवी गस्त, तपास अशी आपली मूळ कामेच करतात आणि शस्त्रधारी व्यक्तीशी सामना करण्याची वेळ आली की बोलावणे येताच पथकात दाखल होतात, ‘स्पेशल टॅक्टिक्स ग्रुप’ हे दहशतवादविरोधी पथक मात्र पूर्णवेळ आहे. छोट्या लोकसंख्येच्या देशाला ही विभागणी परवडते, पण तिचा भार मूळ ठाण्यावर पडतो, हे विसरता कामा नये. पोलीस आणि विविध समुदाय यांच्यातील दुवा असलेल्या संपर्क अधिकाऱ्यांचे गणित वेगळे आहे. माओरी या मूळ रहिवाशांच्या जमाती, पॅसिफिक बेटांवरून आलेले लोक आणि इतर वांशिक समुदाय यांच्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे भाषा, रीतिरिवाजांची जाण आणि समाजातील ज्येष्ठांचा विश्वास असावा लागतो, आणि तो विश्वास बदलीच्या आदेशाने दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.