‘कोसला’चा कंटाळा आला, सांगू की नको?

मावशी, आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा वाचनकट्टा भरतो. या खेपेला दोन पुस्तकं वाचून गेले. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ लोकलमध्ये वाचताना इतकी हसले की शेजारच्या बाया बघायला लागल्या. भालचंद्र नेमाडेंच्या ‘कोसला’ या कादंबरीचा मात्र कंटाळा आला. पोरगा नुसता बापाचे पैसे उडवतो! फक्त त्याची बहीण मनी जाते तिथे रडले. कट्ट्यावर हे बोलले, तर एक ज्येष्ठ काका म्हणाले, “ती कळायला कुवत लागते.” घरी हे म्हणतात, रचलेलं वाचून काय मिळतं, खरं असेल ते वाच. मी दोन मुलांची आई, वेळ मिळतो तो गाडीतच. बापाचे पैसे उडवणाऱ्याची गोष्ट वाचण्यात तो घालवू का? कट्टा सोडू का? आणि पुढे काय वाचू?
— एक वाचक, बदलापूर

अगं, कट्टा अजिबात सोडू नकोस. काकांच्या एका वाक्यावर तू गप्प बसलीस, तर पुढच्या महिन्यात दुसरी कुणी तोंड उघडणार नाही. मग सगळे ‘फार सुंदर पुस्तक, जरूर वाचा’ म्हणून चहाकडे वळतील. असले कट्टे मी पुष्कळ पाहिलेत.

आता तुझा कंटाळा. ‘कोसला’ 1963 ची. नेमाडे तेव्हा पंचविशीत, आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचा. खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला. होस्टेल, मेस, गॅदरिंग, उधाऱ्या, आणि जिथे तिथे ‘उदाहरणार्थ’ नि ‘वगैरे’. दिवस वाया चाललेत आणि तो ते जसेच्या तसे आपल्यापुढे ओततो. पण बापाचे पैसे उडवतो हे तू एवढ्याशा पत्रात दोनदा लिहिलंयस. याला कंटाळा म्हणत नाहीत, बाई. तू चिडलीयस.

मग तेच बोल ना कट्ट्यावर. कंटाळा आला म्हटलं की विषय तिथेच संपतो. मला त्याच्या वडिलांची बाजू पटत होती, असं म्हणालीस तर काकासुद्धा दहा मिनिटं भांडतील. मनीपाशी का रडलीस तेही सांग. धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते, आणि तोवर सगळ्या जगाची टर उडवणाऱ्या या पोराला तिथे काही सुचेनासं होतं. आधीची ती टिंगलटवाळी वाचलेली नसती, तर ती पानं एवढी लागली नसती, असं माझं मत. तुला नाही पटलं तरी चालेल. ‘कोसला’ न आवडलेले चांगले वाचक माझ्या ओळखीत आहेत.

यजमानांचं म्हणशील तर त्यांना एवढंच सांग: लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले 1895 मध्ये, वारले 1919 मध्ये, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला 1934 मध्ये. नवरा न सांगता घरातून निघून जायचा, तेव्हा लक्ष्मीबाईंना काही हसू येत नसणार. हसू नंतरचं, लिहितानाचं. कुठे थांबायचं, कुणाची फिरकी घ्यायची, हे त्या बरोबर जाणतात, म्हणून तू गाडीत हसलीस. म्हणजे खरं असलं तरी ते रचावंच लागतं. आणि मनी तर कागदावरची, तरी रडलीस. एवढ्यावर पटलं नाही तर वाद घालू नकोस. पुस्तक उचल आणि आतल्या खोलीत जा.

पुढचं म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घे. पातळ आहे, जाता-येता संपेल. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तराची गोष्ट. आहे कादंबरी, पण यजमानांना सांगू नकोस. चार पानं चाळली तर खरी हकिगत समजून तेच वाचत बसतील. तुझी वाचून झाली की कट्ट्याला जायच्या आधी वहीत चार ओळी लिहून ठेव: कुठल्या पानाला अडलीस, कुठे चिडलीस. एकदा दुसऱ्यांचं ऐकलं की आपल्याला काय वाटलं होतं तेच आठवत नाही.

आणि चहाच्या वेळी काकांना सहज विचार, “काका, तुम्ही ‘कोसला’ शेवटची कधी वाचलीत?”