कॅथलिक शाळा निवडण्यापूर्वी

मुलीला कॅथलिक शाळेत घालावे का, असे विचारताना तुम्ही तिथली शिस्त, निकाल आणि शिक्षकांचा लौकिक यांविषयी सविस्तर लिहिले आहे. मात्र ही शाळा मुळात कशासाठी चालवली जाते, याचा उल्लेख पत्रात कोठेही नाही. विचाराची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणाविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुलाचे शरीर, बुद्धी आणि नीतिमत्ता यांची एकत्रित वाढ व्हावी, आपले स्वातंत्र्य जबाबदारीने वापरायला त्याने शिकावे आणि विविध विषयांतून मिळणाऱ्या ज्ञानावर श्रद्धेचा प्रकाश पडावा, अशी अपेक्षा त्यात आहे. म्हणजेच श्रद्धा ही तिथे वेळापत्रकातल्या एका तासापुरती नसते. इतिहास शिकवताना, भांडणे मिटवताना, मागे पडलेल्या मुलाकडे लक्ष देतानाही ती असावी, असा या शाळांचा आग्रह असतो. त्यामुळे ‘धर्माच्या तासातून सूट मिळाली की झाले’ ही तुमची समजूत अपुरी आहे.

शिस्तीबद्दलही थोडे सांगते. इटलीतील कॅथलिक धर्मगुरू डॉन बॉस्को यांनी १८७७ साली मांडलेली शिक्षणपद्धती विवेक, धर्म आणि माया या तिहींवर उभी आहे. शिक्षेचा धाक घालण्यापेक्षा शिक्षकाने मुलांमध्ये मिसळून राहावे, असे ते सांगत. प्रत्येक शाळा या कसोटीला उतरतेच असे नाही, म्हणून मधल्या सुट्टीत शाळेत जाऊन शिक्षक मुलांशी कसे बोलतात ते स्वतः पाहा.

धर्मांतराची तुमची भीती मी समजू शकते. त्याच घोषणापत्रात ज्यांना ख्रिस्ती श्रद्धा लाभलेली नाही अशा मुलांचीही विशेष काळजी घ्यावी, असे म्हटले आहे, आणि १९८८ सालच्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात विद्यार्थ्यांच्या व कुटुंबांच्या सदसद्विवेकाचा आदर राखण्यास सांगून, श्रद्धा समोर मांडणे आणि लादणे यांत स्पष्ट फरक केला आहे. हा फरक प्रत्यक्षात कसा पाळला जातो, हे मुख्याध्यापकांना संकोच न करता विचारा.

शाळेच्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या सामुदायिक उपासनेला, मुलगी हजर राहणार असेल, तर एक गोष्ट आधीच समजावून ठेवा. कम्युनियनच्या वेळी, म्हणजे पवित्र केलेली भाकर दिली जाते तेव्हा, वर्गातली मुले रांगेत उभी राहतात, आणि मैत्रिणी उठल्या म्हणून तीही उठेल, हात पुढे करील. कॅथलिकांसाठी ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर असते; म्हणून तिने जागेवर शांत बसावे किंवा, तिथे तशी रीत असल्यास, छातीवर हात दुमडून केवळ आशीर्वाद घ्यावा. यात तिचा कमीपणा नाही, हे तुम्ही सांगितलेत तर तिला अवघडल्यासारखे होणार नाही.

आईवडील हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, असे चर्चचे ते घोषणापत्रच सांगते. तेव्हा मुलगी घरी येऊन ‘आपण कोणाची प्रार्थना करतो?’ असे विचारील, त्या वेळी उत्तर शाळेवर सोपवू नका. तुम्ही दोघे जे खरोखर मानता, तेच तिला सांगा.